भाकर फेकणारा

मोखाड्याच्या आठवडे बाजारात ती म्हातारी करांद्याचे कंद विकायला बसली होती. एकेका करांद्याची माती अंगठ्याने घासायची, फुंकर मारायची आणि मगच पाटीत ठेवायची. ती वावर गावची आहे हे कळल्यावर मी जरा फुशारकीनेच सांगितलं, "कॉलेजात होतो तेव्हा कुपोषणावर पथनाट्य घेऊन आलो होतो तुमच्या गावात."

तिचा अंगठा थांबला. "भाकर फेकलेली, तो तू?"

मीच तो. पुढाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. कुणाच्या तरी घरून नागलीची भाकर मागून आणली होती आणि ऐन प्रयोगात मी ती मातीत भिरकावली होती. पुढे कॉलेजच्या स्पर्धेत त्याच प्रसंगाला टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. अजूनही जुने मित्र जमले की मी तो करून दाखवतो.

"खेळ चांगला होता," ती म्हणाली. "भाकर माझ्याच घरची. तुमच्यासमोर कशी उचलायची? तुमची गाडी जाईस्तोवर थांबलो. मंग माती झाडून पोरांना दिली."

आवाजात राग नव्हता. तिने एक चांगला करांदा निवडला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्यापुढे धरला. माझ्याच्याने हात पुढे करवेना.