काचेची खोली

पिंपरीत आमच्या संस्थेचं बायकांसाठी समुपदेशन केंद्र होतं. एक खोली, दोन खुर्च्या आणि आतून कडी लागणारं दार. घरात कुणालाच सांगता येत नाही ते बायका तिथे येऊन सांगायच्या. ऐकायचं काम माझं.

मग कारखान्यांचं काम मंदावलं आणि सगळ्यात आधी आमच्यासारख्यांच्या देणग्या बंद झाल्या. आमचे अध्यक्ष, कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब, म्हणाले, "आता एकट्यानं टिकणं शक्य नाही." त्यांनी वाकडच्या एका संस्थेशी विलीनीकरण ठरवलं. ती संस्था मुलांना संगणक शिकवायची. तिच्या संचालिका आमच्याही संचालिका झाल्या.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत पुढच्या तीन वर्षांचा आराखडा पडद्यावर दाखवला. पिंपरीची जागा सोडायची, सगळ्यांनी वाकडला यायचं. तिथे मला मिळालेल्या खोलीला तीन बाजूंनी काच होती. काचेपलीकडे संगणकाचा वर्ग.

"मॅडम, इथं कोण तोंड उघडणार?"

"ताई, देणगीदार आले की त्यांना काम दिसायला हवं. दिवस कसे आहेत बघताय ना?"

मी काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती काढून टाकली होती. पुन्हा चिकटवली, पुन्हा निघाली. मॅडमनी आणि मी एकमेकींशी बोलणंच सोडलं. शिपायाकरवी निरोप चालायचे.

अशातच चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारी बाई सुट्टीच्या दिवशी बस बदलत आली. ओढणी गालावर घट्ट धरलेली. खुर्चीत बसून तिने ओढणी सैल केली, तेवढ्यात वर्गातला एक मुलगा मान वळवून बघायला लागला. तिने लगेच गाल झाकला.

"राहू द्या ताई. काही न्हाई, पडले होते," म्हणाली आणि उठली. मी जिन्यापर्यंत मागे धावले. ती थांबली नाही.

संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी हे आवाज चढवूनच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बदल सगळ्यांनाच जड जातो, ताई."

"बदलाचं सोडा! मार खाल्लेली बाई न बोलता परत गेली, त्याचं बोला."

शेवटी ठराव झाला, समुपदेशन यापुढे फोनवरून. एकाच खोलीत सासूशेजारी झोपणारी बाई फोनवर काय बोलणार, हे कुणी विचारलं नाही. मी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या महिला मंडळानं मला रविवारी दुपारी मागची खोली वापरायला दिली. जुन्या बायकांनी एकमेकींना कळवलं. चाकणच्या त्या बाईपर्यंतही निरोप पोचला. ती आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या दिवशी मात्र ती बोलली, खूप वेळ बोलली. मी तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. आता ती पुनावळ्यात बहिणीकडे राहते, कामावरही जाते. हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

मध्यंतरी मॅडमचा फोन आला. फोनवर बायका बोलत नव्हत्या. त्यांना माझ्याकडे पाठवू का, असं मॅडम विचारत होत्या.

"बायकांना पाठवा," मी म्हटलं. "तुम्ही येऊ नका."

"अजून राग आहे, ताई?"

"आहे."

त्या हसल्या. मी फोन ठेवून दिला.