खांदमळणीच्या दिवशी तळ्यात

माझी थोरली जाऊ सिंधुआक्का. किल्लारीजवळच्या आमच्या शेतातलं मातीचं तळं तिनं लेकरावानी सांभाळलं, उगं म्हणत न्हाई मी! उन्हाळ्यात पाणी तापलं की बोअरचं गार पाणी सोडायची, आभाळ भरून आलं की माशांची पेंड बंद. "आज त्यांना दम लागतो गं, पोट भरून कशाला?" म्हणायची. थंडीत तर खाणं निम्म्यावर. गावातल्या बाया हसायच्या. मी बी हसायचे.

तिचे मालक, म्हणजे आमचे भाऊजी हणमंतराव, त्यांच्या डोळ्यात ते तळं सलायचं. बुजवून सोयाबीन घ्यायचं त्यांच्या मनात. शेवटी ठरलं, दिवाळीला मासे चांगले निघाले तर तळं राहील, न्हाई तर बुजवायचं. रोहू हातभर झालते. भाऊजी बी गुपचूप काठावर जाऊन बघून येऊ लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. बैल धुवून त्यांचे खांदे हळद-तुपानं मळायचे. पावसानं लई ओढ दिलेली, ओढ्याला थेंब न्हाई, तळ्यात कमरेइतकंच पाणी. बैलांना गोचिडांनी पिडलेलं. आक्काचा जीव कळवळला. सकाळी तिनंच गोचिडाचं औषध अंदाजानं, जरा जास्तच कालवून दोघांच्या अंगाला चोळलं आन् दुपारी त्यांना तळ्यात उतरवून मायेनं घासलं. बैलाला सोसतंय ते माशाला काय करील, असंच वाटलं बिचारीला. मेलं ते औषध!

दिवस मावळायच्या आत मासे तोंड उघडून वर आले. बोअर चालू केला, पाणी ढवळलं, काय उपयोग? पोळ्याच्या सकाळी सगळं तळं मेलेल्या माशांनी पांढरं. जनावरांच्या डॉक्टरानं कारण सांगितलं तेव्हा आक्का गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात पडली आन् हंबरडा फोडला. पुरणाला कुणी हात लावला न्हाई.

भाऊजी तिला एका शब्दानं टाकून बोलले न्हाईत. उलट म्हणाले, "राहू दे तळं. पाणी बदलू, पुन्हा माशांचं बी टाकू."

"न्हाई. बुजवा."

"अगं, मीच म्हणतोय ना आता!"

"तुमी म्हणाल हो. मला त्या पाण्यात हात घालवत न्हाई."

दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर लागला. भाऊजी घरातून बाहेर आले न्हाईत. माती पडत होती तिथं आक्का एकटी उभी राहिली, तळं भरेपर्यंत.