शब्दावर ठेवलेली जागा

खडकीच्या मैदानावर हॉकी खेळायला पन्नास मुली यायच्या, पण गोलात उभं राहायला कोणी तयार नसायचं. चेंडू दगडासारखा अंगावर येतो, दहा-बारा किलोंचं सामान वागवावं लागतं आणि हरलं की बोट गोलकीपरकडेच. मुक्ताई भोयर अकरा वर्षांची असताना क्लबच्या प्रशिक्षक कल्याणीताईंनी विचारलं, "गोलकीपर कोण होणार?" तिने हात वर केला. कारण एवढंच, की गोलकीपरला हेल्मेट मिळतं. वर्धा जिल्ह्यातून पुण्यात येऊन तिला चारच महिने झाले होते. तिने 'मले', 'तुले' म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. निदान हेल्मेटच्या आत तोंड लपेल, असं तिला वाटलं.

गोलकीपरला सामनाभर ओरडावं लागतं, हे तिला मागाहून कळलं. मग ती ओरडायला लागली आणि तेही आपल्याच बोलीत. "सरक नं वं डावीकडे! काऊन उभी आहेस तिथं?" पहिल्या वर्षी मुली हसल्या. दुसऱ्या वर्षी सरकायला लागल्या. सतराव्या वर्षापर्यंत जिल्ह्यात तिच्या तोडीची गोलकीपर उरली नव्हती.

तिचे वडील ज्ञानदेव दारूगोळा कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होते. त्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक गोष्ट त्यांनी चौघांना विचारून पक्की करून घेतली होती. पोरगी कॉलेजच्या संघात गेली की विद्यापीठाच्या संघात जाते आणि विद्यापीठातून खेळली की खेळाडूंच्या जागांवर नोकरीला उभी राहता येते. रेल्वे म्हणा, पोलीस म्हणा. ठेकेदाराचं काम कधीही जाऊ शकतं हे ते रोज बघत होते. म्हणून ती साखळी त्यांना तोंडपाठ होती. तिची पहिली कडी होती कॉलेज.

ती कडी जानेवारीत आपणहून चालत आली. स्वारगेटजवळच्या मैदानावर आंतरशालेय अंतिम सामना होता. मुक्ताई एवढा मोठा किट घेऊन बसमध्ये चढली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "तंबू कुठं ठोकायचाय, ताई?" त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये तिने पाचपैकी चार जणींना परतवलं. पॅड सोडत बसली होती, तेवढ्यात शनिवार पेठेतल्या एका जुन्या कॉलेजचे क्रीडासंचालक तिच्यापाशी आले. अवधूत केतकर त्यांचं नाव. गुडघे टेकून तिच्या समोर जमिनीवरच बसले.

"बारावीला ना? आमच्या मुलींच्या संघाला गोलकीपर नाही. क्रीडा कोट्यातून घेतो तुला. टक्के किती पडतात याची काळजी करू नकोस. जागा पक्की समज."

कागद नाही, सही नाही. पण एवढ्या मोठ्या कॉलेजचे सर मातीत बसून बोलले, याहून वेगळा कागद कशाला हवा? ज्ञानदेवांनी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले.

बारावीला तिला चौपन्न टक्के मिळाले. तिच्या क्लबमधल्या नम्रताला एकावन्न. नम्रताने जूनमध्ये खडकीजवळच्या एका साध्या कॉलेजचा फॉर्म भरला आणि मुक्ताईलाही म्हणाली, "तू पण भरून ठेव ना, यार. त्यांची पण टीम आहे. बॅकअप म्हणून." आईनेही तेच सांगितलं. मुक्ताईने केतकर सरांना फोन केला.

"बघ, मुक्ता," सर म्हणाले, "मी मॅनेजमेंटसमोर तुझं नाव ठेवणार आहे. आणि तू दुसरीकडे फॉर्म भरलास तर मी कोणत्या तोंडाने बोलू? दोन दगडांवर पाय ठेवू नये. पुढच्या आठवड्यात ट्रायल्स आहेत, त्या दे."

तिने फॉर्म भरला नाही. हे तिने स्वतः ठरवलं. पुढे कितीही वेळा तिने उजळणी केली, तरी एवढं एक तिला दुसऱ्या कोणाच्या माथी मारता आलं नाही.

ट्रायल्स झाल्या. अठरा मुली आल्या होत्या. शेवटी सरांनी आठ जणींची नावं लिहून घेतली, फोटो काढले, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घेतल्या. यादी आठ दिवसांत लागेल म्हणाले.

आठाचे पंधरा झाले. मुक्ताई रोज सकाळी कॉलेजची वेबसाइट उघडायची. पहिली गुणवत्ता यादी लागली, दुसरी लागली, क्रीडा कोट्याच्या पानावर मात्र 'लवकरच' हा एकच शब्द. सरांना मेसेज केला की निळ्या खुणा उमटायच्या आणि तासाभराने उत्तर यायचं, 'बघतो'. मग 'मीटिंग आहे'. मग नुसताच अंगठा. तिचं जेवण कमी झालं. आई काही विचारायला आली की ती अंगावर धावून जायची आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. खडकीजवळच्या कॉलेजची मुदत केव्हाच संपली होती. नम्रताचं ओळखपत्रही आलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ज्ञानदेवांनी सुट्टी टाकली आणि तिला घेऊन ते शनिवार पेठेत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"क्रीडा कोटा? यादी परवाच लागली. बोर्ड बाहेर आहे. वाचायला येतं ना?"

बोर्डावर बारा नावं होती. नेमबाजी, बॅडमिंटन, जलतरण, बुद्धिबळ. ज्ञानदेवांनी बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग परत खिडकीशी गेले.

"साहेब, हॉकी दिसत नाही."

"मैदान कुठे दिसतंय? तिथे आता इमारत होणार आहे. हॉकी खेळायची असेल तर गच्चीवर खेळा."

केतकर सर जिमखान्यात होते. तिला पाहताच उठले आणि पुन्हा खाली बसले. ज्ञानदेवांना "या, बसा" म्हणाले. पंख्याचं बटण दाबलं, पंखा लागला नाही.

"यंदा सांघिक खेळ बंद केले," ते म्हणाले. "वरून निर्णय आला. माझ्या हातात काही उरलं नाही."

"सर, तुमाले कधी कळलं?" मुक्ताईने विचारलं. पुण्यात आल्यापासून परक्या माणसापुढे ती जपून बोलायची. त्या क्षणी तेही भान राहिलं नाही.

सरांनी टेबलावरची शिट्टी इकडून तिकडे सरकवली.

"कुणकुण मे महिन्यापासून होती."

"मंग जूनमधे फॉर्म काऊन भरू नाही दिला?"

"मला वाटलं, आठ चांगल्या मुली हातात आहेत असं दाखवलं तर टीम वाचेल. तुम्ही सगळ्या आधीच दुसरीकडे गेला असतात, तर मी दाखवणार काय होतो?" त्यांनी शिट्टी खणात टाकली. "मी खूप भांडलो गं. खरंच भांडलो."

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. त्यामुळे तर तिला त्यांच्यावर ओरडताही येईना. ज्ञानदेव उठले. सरांना त्यांनी हात जोडून नमस्कार केला आणि तो नमस्कार मुक्ताईला थपडेसारखा लागला.

मनपाच्या थांब्यावर बसची वाट बघताना ती म्हणाली, "बाबा, माझंच चुकलं. आईनं सांगितलं होतं."

"तुहं काय चुकलं? मोठ्या माणसानं शब्द देल्ला. आपण ठेवला." समोरच्या रसवाल्याकडे बघून त्यांनी विचारलं, "उसाचा रस घेतं?"

तिला वाटलं, त्यांनी एकदा तरी रागवावं. पण ते रसवाल्याकडे दोन ग्लास सांगायला गेले.

त्यानंतर कल्याणीताई तिला घेऊन तीन कॉलेजांत फिरल्या. खडकीजवळच्या कॉलेजने प्रतीक्षा यादीत नाव घेतलं, एकेचाळिसावं. ऑगस्टभर ते नाव सरकत राहिलं. सदतीस, एकोणतीस, बावीस. तेवढ्या आशेवर ती पुन्हा पहाटे धावायला लागली. एकोणिसावर यादी थांबली आणि प्रवेश बंद झाले. कल्याणीताई प्राचार्यांना भेटून आल्या. म्हणाल्या, "मंजूर जागांच्या वर एकही देता येत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी पहिल्यांदा तुझाच फॉर्म भरू."

पुढच्या वर्षी. वर्ष मोकळं जाऊ नये म्हणून तिने बी.ए.ला बाहेरून नाव घातलं. बाहेरून शिकणाऱ्याला कोणत्याच कॉलेजच्या संघात खेळता येत नाही. फॉर्म भरताना खिडकीवरच्या बाईंनी ते सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं, मुक्ताईला ते ठाऊक होतं. किट क्लबचा होता, तो तिने धुऊन, वाळवून परत केला. कल्याणीताई म्हणाल्या, "सरावाला तरी येत जा." ती दोन रविवार गेली. दुसऱ्या रविवारी मुली आपापल्या कॉलेजच्या सामन्यांच्या तारखा सांगत होत्या. तिसऱ्या रविवारी ती उठलीच नाही.

दसऱ्यानंतर ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागली. सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्या लोकांची नावं लिहायची, चिठ्ठ्या द्यायच्या, दुपारी अहवाल पाकिटात घालायचे. डिसेंबरमध्ये नम्रताने तिच्या संघाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सेमीला हरलो. कीपरच नव्हती गं धड.' मुक्ताईने ते वाचलं. तिनेही नुसताच अंगठा पाठवून दिला.

घरी त्या विषयावर आता कोणी बोलत नाही. ज्ञानदेवांच्या ठेकेदाराने सहा वेल्डर कमी केले, त्यात त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या खेपेला असेल की नाही, ते कोणी सांगू शकत नाही. जूनमध्ये फॉर्म भरायचा की नाही, हे आई एकदा विचारून गेली. मुक्ताई "बघू" म्हणाली.

परवा लॅबमध्ये एक निवृत्त मास्तर आले होते. रक्त देऊन झाल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून ते तिच्या टेबलासमोर बसले.

"काय शिकतेस, बाळ?"

"बी.ए. बाहेरून."

"छान. आणि आणखी काय करतेस?"

तिने त्यांचं नाव पाकिटावर लिहिलं, खाली वय लिहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "रिपोर्ट चारनंतर मिळेल."