एका कार्बोरेटरची दोन माहेरं

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सगळे ‘क्लच’ म्हणतात. बोलायच्या आधी हा इसम हमखास थांबतो, गिअर बदलल्यासारखा. घरात तर तो कायम न्यूट्रलमध्येच! करणार काय? एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला माहेरी परतलेली थोरली बहीण, म्हणजे आक्का, आणि शेडमध्ये दोघींच्या वडिलांच्या दोन म्हाताऱ्या गाड्या. काळी आक्काच्या वडिलांची, म्हणजे त्याच्याही. क्रीम रंगाची सासऱ्यांची.

कंपनी एकच, सिलिंडर दोघींना चार. पण काळी चोवीस हॉर्सपॉवरची, तीन गिअरची, अंगानं जड. सपाटीवर पन्नास गाठताना धापा टाकते, चढावर मात्र पाच माणसं घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये निमूट जाते. क्रीम तीस हॉर्सपॉवरची, चार गिअरची. सत्तरला हसत पोचते, पण चढ दिसला की हिचा रेडिएटर उकळलाच.

“तुझ्या बाबांची गाडी म्हणजे नुसता नखरा गं,” आक्का म्हणायची. “चढ आला की घेरी!”

“आणि तुमची चढते हो आक्का, पण पोचते कधी?”

खरी मेख वेगळीच होती. काळीचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल पाजणारा भाग, कधीच निकामी झाला होता आणि तसा नवा कुठं मिळत नव्हता. मग क्रीमचाच काढून आज हिला, उद्या तिला. ज्या बाईचा पारा जास्त, तिच्या वडिलांची गाडी त्या दिवशी सुरू. दोघींना पत्ता नाही. मला त्यानं फार नंतर सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. म्हणून फक्त तुम्हाला सांगतोय.

मग जागेच्या मालकानं अर्धी शेड परत मागितली. एक गाडी भंगारात जाणार हे ठरलं. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जी चढेल ती राहील, असा निकाल दोघींनीच लावला.

“अगं, पण या वयात त्यांना...” क्लच म्हणाला.

“तू गप्प बस!” “तुम्ही गप्प बसा!” नणंद-भावजयीचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

थोरलीचा मान म्हणून आधी काळी निघाली. ऐटीत चढली. परत आल्यावर “इंजिन निवू दे” म्हणत क्लचनं शेडचं दार लावून घेतलं आणि कार्बोरेटर क्रीमला बसवला. तीही चढली, वाफा सोडत का होईना. क्लचचा चेहरा असा खुलला म्हणता! बरोबरी झाली, आता दोघी मिळून मालकाचे पाय धरतील.

“बरोबरी कसली?” बायको म्हणाली. “दोन्ही एकदम काढा. काळी भावजी चालवतील.”

भावजी म्हणजे शेजारचा मी. बसलो, स्टार्टर दाबला. इंजिन नुसतंच खाकरलं. मी दाबतोय, वर चेष्टा करतोय, “म्हातारी रुसली!” आक्का बॉनेटपाशी येऊन म्हणाली, “अरे, आत्ता तर चढली होती!”

क्लचनं तोंड उघडलं. थांबला. खरं सांगावं तर कार्बोरेटर एकच, म्हणजे ऐटीत चढलेली काळी राहणार आणि सासऱ्यांची जाणार; न सांगावं तर बापाची. तोंड मिटलं.

“जाऊ दे हो आक्का, उद्या परत बघू,” बायकोच हळूच म्हणाली.

“नको. बोलले ते बोलले. काळी द्या.”

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं काळीला दोर बांधला. स्टिअरिंग धरायला आक्काच बसली, पदर खोचून, समोर बघत. शेडच्या उंबऱ्यावर चाक अडलं. क्लच मागच्या डिकीवर तळवे टेकून उभा होता.

“ढकल ना रे,” आक्का आतून म्हणाली, “नुसता हात काय लावून बसलायस?”

त्यानं ढकललं.