फॉर्मवर नसलेला रकाना

संघमित्रा रामटेके काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात मृत्युनोंदणीच्या खिडकीवर बसायची. नवऱ्यापाठोपाठ नागपूरहून फ्रीमाँटला येऊन तिला बारा वर्षं झाली होती आणि त्यातली नऊ या खिडकीवर गेली होती. रोज पंधरा-वीस मृत्यू हाताखालून जात. संध्याकाळी फ्रीवेवर गाडी चालवताना खांदे भरून आलेले असत. रडू मात्र येत नसे. त्याचीही सवय होते.

१९८५ सालच्या मार्चमध्ये वॉल्टर हॅगन नावाचे निवृत्त शिक्षक खिडकीशी आले. त्यांची बायको एडिथ कॅन्सरने गेली होती. मृतदेहाचं काय करणार ते सांगून परवाना घ्यावा लागतो. फॉर्मवर रकाने होते : दफन, दहन, अस्थी समुद्रात, शास्त्रीय उपयोग.

"यातलं कुठलंच नाही," वॉल्टर म्हणाले. "तिला गोठवून ठेवलंय. नायट्रोजनच्या टाकीत, एका कंपनीत. पुढे कधी हा आजार बरा करता आला तर उठवतील म्हणून. तिची तशी इच्छा होती."

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसापासून ऑफिसात एडिथबाईंची 'आइसक्रीमवाली केस' झाली. संघमित्राचा साहेब म्हणाला, "परवाना द्यायचा नाही. नाकारला असंही लिहून द्यायचं नाही. पेंडिंग ठेव."

मग वॉल्टर दर दोन महिन्यांनी येत राहिले. "काही कळलं?" ते विचारत. "अजून नाही," ती म्हणे. दोघांनाही हे पाठ झालं होतं.

तिला स्वतःला तो प्रकार पटत नव्हता. सगळं अनित्य आहे, हे ती विहारात लहानपणापासून ऐकत आलेली. "अहो, वेडेपणाच आहे सगळा," ती नवऱ्याला, धर्मराजला, म्हणायची. पण ८७ साली वॉल्टर काठी टेकत आले आणि या वेळी त्यांनी 'काही कळलं?' असं विचारलं नाही.

"परवाना नाही म्हणून उद्या तिला तिथून काढायला लावलं," ते म्हणाले, "तर मी तिला कुठे नेऊ?"

संघमित्राला भंडाऱ्याकडचं आपलं गाव आठवलं. आजोबांची तिरडी गावच्या घाटावर जाऊ दिली नव्हती. वडील आणि काका तिरडी खाली ठेवून उन्हात तासन्‌तास रस्त्यात उभे होते. शेवटी ओढ्यापलीकडच्या खडकाळ जागेत आजोबांना पुरलं. ऑफिसात तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुठून सुरुवात करायची, हाही प्रश्नच होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने राज्याच्या आरोग्य खात्याला, अशा वेळी काय करायचं ते विचारणारं, एकपानी पत्र टाइप केलं आणि साहेबापुढे ठेवलं.

"तुला कशाला ही भानगड?" तो म्हणाला.

"हो म्हणा किंवा नाही म्हणा, सर. तो माणूस अडीच वर्षं खेटे घालतोय."

साहेबही थकलेलाच होता. त्याने सही केली.

वर्षभर उत्तर आलं नाही. तेवढ्यात दुसरीकडे अशाच काही कुटुंबांनी कोर्टात धाव घेतली, टीव्हीवर चर्चा झाल्या. खिडकीवर येणारी माणसं पार्किंगचं विचारावं तशी सहज विचारू लागली, "ते गोठवून ठेवायचं असतं, त्याला काय लागतं?" हसणारं आता कुणी उरलं नव्हतं. ८८च्या ऑक्टोबरात दोन ओळींचं परिपत्रक आलं : अशा वेळी 'शास्त्रीय उपयोग' या रकान्यात खूण करावी. तिच्या पत्राचा त्यात उल्लेख नव्हता.

तिने फोन केला तसे वॉल्टर आले. त्यांनी सही केली. त्यांना आनंद होईल असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी कागद नुसता घडी करून खिशात ठेवला.

"तुम्हीही नाव नोंदवलंय ना?" तिने विचारलं.

"मी? छे. फार थकलोय मी. परत उठायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तिला शब्द दिला होता, एवढंच."

पुढच्या फेब्रुवारीत त्यांचा पुतण्या त्यांचेच कागद घेऊन आला. दहनाच्या रकान्यात खूण होती. संघमित्राने नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं, शिक्का मारला.

"काकूंचं काही करायचं राहिलंय का?" पुतण्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचे कागद पूर्ण आहेत."

तो गेला. रांगेत अजून चौघे होते. ती उठली, पेल्यात पाणी घेतलं आणि पुन्हा येऊन बसली.