विहिरीखालची ओळ

मी आमचं गिरीज गाव सोडलं शहाण्णव साली, तेव्हा आई विमानतळावर आलीच नाही. विहीर चार घरांत मिळून. त्या दुपारी पाण्याची पाळी आमची, आणि मोटर चालू ठेवून ही बाई केळीतून बाहेर पडेल तर शपथ. तिथूनच ओरडली, "पोचल्यावर फोन कर. आनि तिथलं पानी उकळून पी." आई मूळची भातशेतीच्या गावची, तिचं पाणी कायम पानीच राहिलं. आशीर्वाद घ्यायला मी चिखलात शिरले आणि नव्या बुटांवर वाडीची माती घेऊन टोरांटोला उतरले.

इकडची पहिली वर्षं बेसमेंटमध्ये गेली. नवरा नाइट शिफ्टला, मी डेकेअरमध्ये. नळाला गरम-गार पाणी कधीही, तरी पहिल्या हिवाळ्यात मला रडू यायचं ते पाटातून केळीला जाणाऱ्या पाण्याच्या आवाजासाठी. तुमच्यापैकी जे मस्कतला, मेलबर्नला गेलात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बऱ्याच वर्षांनी चुलतभावाने एक लिंक धाडली. गिरीजच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने घरोघरचे जुने फोटो स्कॅन करून शहराचा इतिहास वेबसाइटवर चढवायला घेतला होता. मी 'गिरीज' टाइप केलं आणि आमची विहीर समोर! थोरल्या बहिणीच्या लग्नाची आदली संध्याकाळ, बायकांच्या डोक्यावर घागरी, सगळ्यांत पुढे लाल लुगड्यातली आई. खाली ओळ होती : 'पाणीटंचाईच्या काळात विहिरीवर महिलांची झुंबड.'

टंचाई म्हणे! आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी मिरवत आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. फोटोत बँडवाले तेवढे कडेला कापले गेले होते.

फोनवर आईला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आपली विहीर कधी आटली नाय. मे महिन्यात पन नाय. पुसायला सांग ते." ती विहीर आता बुजवलेली, वर बिल्डिंगचं पार्किंग. विहीर गेली ते आईने मुकाट सोसलं. पण ती कोरडी होती असं जगभर वाचलं जाणार, हे तिला सहन होईना. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फोन आणि एकच प्रश्न, "पुसलं का?"

मी वाचनालयात फोन लावला तो भांडायच्या तयारीने. फोटोंखालच्या ओळी लिहिणाऱ्या सावंत मॅडमनीच उचलला. "सॉरी हो ताई," त्या म्हणाल्या. "आम्ही कणकवलीकडचे. इकडे एव्हरशाईनच्या नव्या बिल्डिंगांत फ्लॅट घेतला तेव्हा नळाला पाणीच नसायचं. टँकर आला की मी कडेवर पोरगी घेऊन हंडा भरायला धावायची. विहिरीवर बायका दिसल्या आणि मला दुसरं काही सुचलंच नाही." आई सांगतील तेच शब्द घालते, असं त्यांनी आपणहून कबूल केलं.

रविवारी आईला सगळं सांगितलं. टँकर हा शब्द तिच्यापुढे काढायची सोय नाही. बिल्डिंगांसाठी गावच्या विहिरींतून टँकर भरायला लागले तेव्हापासून त्या मचूळ झाल्या, असं तिचं म्हणणं. आता फणकारणार, मी धरूनच चालले होते.

"कडेवर पोर घेऊन?" तिने विचारलं. मग म्हणाली, "लिवायला सांग, हे लग्नाचं पानी. आनि विहीर भरलेली होती. आनि त्या बाईला सांग, तेव्हा इथे यायचं होतं. कोन नाय म्हनलं असतं?"

ओळ आता बदलली आहे, उघडून बघा. घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की मी अजून गिरीजच सांगते. तिथे आता विहीर नाही, केळी नाहीत, माझी म्हणावी अशी खोलीही नाही. पण हंडा घेऊन आलेल्या परक्या बाईला आत घेईल अशी एक म्हातारी तिथे बसलेली आहे, आणि ती आहे तोवर मला दुसरं उत्तर सुचत नाही.