गर्दीवाल्यांनी कोरलेला राजा

आमच्या खापरपणजोबांना कारखान्यात सगळे 'गर्दीवाले' म्हणत. एका सचित्र साप्ताहिकात छापायची चित्रं ते लाकडात कोरायचे. राजघराण्यातलं लग्न, मिरवणूक, दरबार असं मोठं चित्र एकट्याच्यानं वेळेत होणं अशक्य. म्हणून लहान ठोकळे मागून स्क्रूनं जोडायचे, चित्रकारानं त्यावर शाईनं चित्र काढायचं, मग ठोकळे सुटे करून वाटायचे. एकाला छत आणि झुंबरं, एकाला घोडे, चेहरेवाल्याला राजा-राणी. आणि आमच्या माणसाला गर्दी. कायम गर्दी!

पण ती ते जीव ओतून करत. समोर आरसा ठेवायचा, भुवया चढवायच्या, तोंड उघडायचं, 'अबब, केवढा तो मुकुट!' असा चेहरा स्वतः करायचा आणि तो लाकडात उतरवायचा. त्यामुळे त्यांच्या गर्दीतल्या म्हाताऱ्या, शिपाई, कडेवरची पोरं, सगळ्यांना भुवया मात्र ह्यांच्या.

एकदा तरी राजाचा चेहरा आपल्याकडे यावा, एवढीच त्यांची हौस होती. राज्याभिषेक तोंडावर आला (चित्र आधीच तयार ठेवावं लागे, राजाची वाट बघत बसलं तर अंक कधी निघायचा?) आणि चेहरेवाला तापानं आडवा झाला.

मालक म्हणाले, "गर्दीवाले, राजा तुम्ही करा."

त्या संध्याकाळी घरात आरशासमोर तालीम सुरू.

"अहो, जेवून घ्या ना."

"थांब. राजासारखं बघतोय."

"हे राजासारखं? मला वाटलं पोटात दुखतंय!"

"मग तू शिकव."

खापरपणजीनं पातेल्यावरचं झाकण उचललं, पुसलं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. "हा मुकुट. आता हलायचं नाही. हनुवटी वर. ओठ मिटा. मिटा हो! आणि माझ्याकडे काय बघताय? भिंतीकडे बघा. राजा बायकोकडे बघत नाही."

"का नाही बघत?"

"कामात असतो."

झाकण दोनदा पडलं, तिसऱ्यांदा टिकलं. दुसऱ्या दिवशी ते ओठ घट्ट मिटूनच कामावर गेले. वाटेत पाववाल्यानं हाक मारली, तर त्यालाही नुसती मान हलवली.

ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवला, डोळ्याला भिंग लावलं आणि कोरणी चालू झाली. मुकुट उत्तम उतरला. केस, कान, नाक, सगळं झकास. ओठांशी आले तोवर भिंगाखालचा तो माणूस श्वास घेतोय की काय असं त्यांना वाटायला लागलं होतं. ते रंगून गेले. आणि रंगले की त्यांचं तोंड उघडायचं, भुवया चढायच्या, आणि तेच लाकडात उतरायचं. ओठाच्या कोपऱ्यात कोरणी केसभर सरकली तरी माणूस बदलतो. इथे तर राजाच बदलला.

पहिला छाप निघाला. मालकांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

"गर्दीवाले, हा राजा आहे?"

"हो... म्हणजे..."

"अहो, हा मुकुट बघायला आलाय! शेजारच्याला विचारतोय, कुणाचा हो हा?"

सगळा कारखाना हसला. लाकडातून एकदा गेलेलं परत येत नाही. मालकांनी स्क्रू सोडवून तेवढा ठोकळा बाहेर काढला. चेहरेवाल्याला रजईत गुंडाळून आणलं, आणि त्यानं खोकत खोकत नवा राजा कोरला. ओठ मिटलेला.

खापरपणजोबा घरी आले. खापरपणजी दारातच उभी. "सांगा ना! कसा झाला?"

त्यांनी घडी घातलेला पहिला छाप तिच्या हातात दिला. "नाही घेतला. राजा पुन्हा माझ्याकडे यायचा नाही."

तिनं कागद उजेडात नेला. पदर तोंडावर गेला, खांदे हलायला लागले.

"हसू नकोस गं. तू तरी."

"हसत नाही हो. तुम्हाला ओळखू येत नाही का? लग्नात मी समोर आले, तेव्हा तुम्ही अस्सेच बघत होता! माझा भाऊ ओरडला होता, 'अरे, नवरदेवाला कुणीतरी तोंड मिटायला सांगा!'"

त्यांनी कागद पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, "मग काल ओठ मिटा म्हणून का मागे लागली होतीस?"

"काल तुम्ही राजा होतात."

अंक बाजारात आला तेव्हा तिनं चेहरेवाल्याचा राजा फडताळात डब्यांखाली अंथरला. ह्यांचा मात्र खळ लावून भिंतीवर, चुलीपासून लांब, धूर लागू नये असा.